मागच्या सीटवरची वानरीण

‘भोपळेगावची बस’ ही लहान मुलांची मालिका. पण बजाजनगरातल्या त्या इमारतीत ती मोठी माणसंच जास्त बघायची, आणि त्याला कारण होती मागच्या सीटवरची वानरीण. अस्वल बस चालवायचं, ससे-कोल्हे भांडायचे, गाणी म्हणायचे. ही मात्र खिडकीशी बसून नुसते हात हलवायची. प्रत्येक भागात. तिच्याशी कुणी बोलत नसे, तिचं नाव कुणी घेत नसे.

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर्कांना ऊत आला होता. तळमजल्यावरचा सत्यम म्हणे, चित्रकाराची चूक, पुसायची राहून गेली. पहिल्या मजल्यावरच्या उमाताईंना वाटे, ती मेलेली आहे, फक्त आपल्यालाच दिसते. कुणी म्हणे, डास मारतीय.

उमाताईंच्या शेजारची दीपमाला या वादात पडत नसे. तिच्या सावनीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोरगी शहरातल्या मूकबधिर मुलांच्या शाळेत जायची, आणि मालिका बघताना भलत्याच ठिकाणी खदखदून हसायची. चित्रं बघून हसत असेल, हसू दे बापडी, असं दीपमालाला वाटायचं.

एका रविवारी दुपारी उमाताईंकडचं आणि सत्यमकडचं नेट गेलं, म्हणून दोघं नवा भाग बघायला तिच्याकडे आले. पडद्यावर बस पुलावरून चालली होती, सगळे प्राणी टाळ्या पिटत गात होते. आणि सावनी मुसमुसून रडायला लागली.

“काय झालं गं?” दीपमालानं खुणांनी विचारलं. पालकांना शाळेत शिकवलेल्या थोड्याच खुणा तिला यायच्या, त्याही अडखळत.

सावनीनं वानरिणीकडे बोट दाखवलं. मग तिचे हात चालू लागले, आणि दीपमाला बघतच राहिली. पडद्यावरचे हात आणि पोरीचे हात. तीच बोटं, तेच वळण.

“अगं बाई! ती बोलतीय!”

“कोण?” उमाताई दचकल्या.

“वानरीण. सावनीच्या भाषेत बोलतीय.”

मग सत्यमनं रिमोट घेऊन भाग मागं नेला. सावनी सांगत गेली, दीपमाला जमेल तसं मराठीत आणत गेली, अडलं की पोरीला पुन्हा विचारत गेली. या पुलाखाली वानरिणीचं पिलू पुरात वाहून गेलं होतं. म्हणून ती रोज बसमध्ये बसते आणि प्रत्येक गावात चढणाऱ्यांचे चेहरे बघते. मधूनच अस्वलाच्या ढेकराची नक्कल करते, तेव्हा सावनी हसते.

“आन् आपण म्हणत होतो डास मारतीय,” सत्यम हळूच म्हणाला. तो खाली फरशीवर, सावनीसमोर येऊन बसला. उमाताईंनी डोळे पुसले.

सावनीनं आईचा हात ओढला. तिला काही विचारायचं होतं. दीपमालाला प्रश्न कळायला वेळ लागला.

“काय म्हणती?” उमाताईंनी विचारलं.

“म्हणती, बाकीचे तोंड हलवतात ते काय बोलतात? त्यांची पण काही गोष्ट हाय का?”

सावनीला ती मालिका वानरिणीचीच वाटत होती. अस्वलाची गोष्ट तिला आजवर कुणी सांगितलीच नव्हती.

दीपमाला तिच्यासमोर मांडी घालून बसली, हात उचलले आणि थबकली. अस्वलाची खूण तिला येत नव्हती. सावनीनं तिची बोटं धरून ती नीट वळवली.