पाठीवरचा पंजा

सकाळी आठ वाजता रोपवाटिकेत सोळा कामगार सदरे वर करून एकमेकांना पाठी दाखवत उभे होते. ज्याची पाठ कोरी, तो बिचारा भिंतीला चिकटून उभा.

ही पंजेबाबांची करणी. आठवड्यापूर्वी त्यांनी अंजिराच्या रांगेलगत बैठक मांडली. ते ज्याच्या पाठीवर हात ठेवत, त्याच्या पाठीवर तिसऱ्या दिवशी लालभडक पंजा उमटे.

"रंग नाही, शाई नाही!" बाबा गरजत. "पुण्य पिकलं की वर येतं! फक्त तीन दिवस आंघोळ नाही, आणि पाठ उघडी ठेवून काम. देवाला झाकलेलं चालत नाही! कच्च्या पुण्याच्यांनी पुन्हा रांगेत यावं!"

कच्च्या पुण्याचे म्हणजे आम्ही कचेरीतले. मी अवजारांच्या खोलीचा कारकून. रांगेत गेलोच नाही, म्हणून नास्तिक ठरलो. आमचे हेडक्लार्क मात्र तीनदा जाऊन आले. शेवटी टेबलावरच्या दिव्याकडे उघडी पाठ करून बसले. मी विचारलं तर म्हणाले, "पुण्य शेकतोय."

हसू आलं, पण टिकलं नाही. आमच्या माळ्याच्या पाठीवरचा पंजा फुगला, फुटला, त्यात पू झाला. अंगात ताप, तरी दवाखान्यात जायला तयार नाही.

"डॉक्टरनं मलम चोळलं आणि कृपा पुसली गेली तर?" तो कण्हत म्हणाला.

त्याची सासू म्हणजे आमची अक्का. तीस वर्षं झाडं छाटणाऱ्या टोळीची मुकादम. तिनं जावयाची पाठ निरखली.

"जावईबापू, ही कृपा माझ्या ओळखीची आहे. नवी होते तेव्हा अंजीर छाटला की माझ्या हातांवर अशीच उठायची. तेव्हा मला कुणी बाबा भेटला नव्हता."

ती तडक अंजिराच्या रांगेमागे गेली. बाबा आशीर्वादाआधी आणि नंतरही तिथंच 'ध्यानाला' जात. कोवळे शेंडे खुडलेले, देठांवर पांढरा चीक सुकलेला, आणि बुंध्याशी साबणाची वडी!

अक्कानं सगळ्यांना बोलावलं. "हेडक्लार्कसाहेब, पंजा हवाय ना? या."

साहेब सदरा काढतच धावले. अक्कानं अंजिराचा शेंडा मोडला, थोडासा चीक तळहाताला लावला आणि त्यांच्या पाठीवर दोन्ही खांद्यांशी हात दाबला. लगेच साबणानं आपला हात धुऊन हातमोजा चढवला. साहेबांच्या डाव्या खांद्यावर जाड फडकं बांधलं, उजवा उघडा ठेवून त्यांना अर्धा तास उन्हात बसवलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी सदरा काढला. डावीकडे काही नाही. उजवीकडे लाल पंजा, पण चार बोटांचा! अक्काचं मधलं बोट करवतीनं कधीच नेलं होतं.

मग हेडक्लार्क अक्काच्या पायांवर कोसळले. "माते! चतुरंगुली माते!" मागोमाग रांग लागली.

"उठा!" अक्का कडाडली. "पाया कसले पडता? डोळे आहेत का नाहीत? अंजिराचा चीक अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. ऊन नाही तर पंजा नाही. म्हणून कचेरीतले सगळे पापी!"

बाबा गाठोडं उचलून निघालेच होते. अक्का खुडलेला शेंडा घेऊन आडवी आली. "जाता जाता तुमच्याही पाठीवर ठेवू हात?"

भर उन्हात बाबांनी पाठीवर दोन शाली ओढल्या आणि ते फाटकाबाहेर पळाले. त्यांना याहून जास्त कबुली द्यायची गरजच नव्हती.

माळी त्याच दिवशी दवाखान्यात गेला. पंधरवड्यात जखम भरली. डाग मात्र बरेच दिवस राहिला. अक्कानं टोळीला रांगेनं झाडं दाखवली: याचा चीक भाजतो, याच्या पानांची लव खाज आणते, हे डोळ्याला लागलं तर आंधळं करेल. पूर्ण बाह्या घाला, हातमोजे घाला. चीक लागला तर आधी साबणानं धुवा, उन्हात जाऊ नका.

लोकहो, झाडाला तुमचं पाप कळत नाही आणि पुण्यही कळत नाही. त्याला चीक आहे, सूर्याला ऊन आहे आणि आपल्याला डोकं आहे. पहिले दोघं आपापलं काम चोख करतात. तिसऱ्यानंही करावं, एवढंच मागणं.