तीन रिंगांचा मिसकॉल

घाबरू नका, तुमचा रिचार्ज संपलाय हे सांगायला मी बोलत नाहीये. मी गोजाबाईंचा फोन. मोठ्ठ्या आकड्यांचा, पाठीवर लाल बटण असलेला. सध्या ताथवड्याच्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या खणात पडून असतो. वापरत कुणी नाही, पण चार्जिंग रोज भरलेलं असतं. का, तेच सांगायचंय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते पिंपरीतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. शेजारी एकेक चकचकीत फोन. गिऱ्हाइकं त्यांना हातात घेऊन बघायची आणि माझ्याकडे नजर गेली की म्हणायची, "हा म्हाताऱ्यांचा." असा राग यायचा म्हणून सांगू! अहो, पडलो तर फुटत नाही, चार्जिंग आठवडाभर टिकतं, टॉर्च आहे, रेडिओ आहे. माणसाला आणखी काय लागतं?

दिवाळीच्या आधी प्रीतम आणि उत्कर्षा हे नवरा-बायको दुकानात आले. प्रीतम चाकणला कंपनीत कामाला, राहायला ताथवड्यात. आई मात्र चाकणजवळच्या गावात एकटीच. फ्लॅटवर यायला तयार नाही. दुकानदारानं माझी पाठ दाखवली. "भाऊ, हे लाल बटण दाबलं की सायरन वाजतो आणि घरच्यांना फोन लागतो. पाच जणांचे नंबर टाकता येतात. आईसाठी डोळे झाकून घ्या."

उत्कर्षा म्हणाली, "आईंना एकदा विचारू या का?"

"तिला काय कळतंय त्यातलं," प्रीतम म्हणाला. वाईट मनानं नाही हो. घाईत होता. आईवर जीव होता म्हणून तर दुकानात आला होता.

गोजाबाईंचं घर जुन्या गावठाणात. पूर्वी म्हणे त्यांच्या दारातून कांद्याचं शेत दिसायचं. आता कंपन्यांच्या निळ्या शेड दिसतात. त्यातली दोन रस्ते पलीकडची शेड प्रीतमच्या कंपनीची. मला हातात घेऊन गोजाबाईंनी उलटंपालटं केलं.

"ह्यो कशाला आनला? माझी हाक जाती की तुझ्या कंपनीपत्तूर."

"आई, आत मशिनींचा आवाज असतो. हाक कुठली ऐकू येतीय?"

"मग ह्याचा तरी कसा ऐकू यील?"

प्रीतम हसला. मलाही हसू आलं होतं. तिथं खरं तर कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता.

त्यानं स्वतःचा नंबर टाकला. बाकीचे चार नंतर टाकू म्हणाला आणि फराळाला बसला. शेजारच्या शालनबाई त्या वेळी तिथंच चकलीच्या ताटाशी बसल्या होत्या. त्यांचा नंबर तोंडपाठ सांगता आला असता, पण विचारलं कुणी नाही. माझ्या त्या चार रिकाम्या जागा आजही रिकाम्याच आहेत.

मग मायलेकांनी मिसकॉलचा करार केला. फोन उचलून बोलायचं म्हणजे गोजाबाईंना लेकाच्या कामाचा खोळंबा वाटायचा. म्हणून ठरलं असं: सकाळी अंघोळ झाली की एक रिंग देऊन तोडायचं. एक रिंग म्हणजे बरी हाय. आणि तीन रिंगा वाजू दिल्या तर काम हाय, ये. दोघांनी बसून सराव केला. गोजाबाई चुलीपाशी, प्रीतम ओट्यावर. एक वाजली की तो ओरडायचा, "बरी हाय!" तीन वाजल्या की, "आलो गं!" गोजाबाई लहान पोरीसारख्या हसत होत्या. दिवाळीचे ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले.

पण ते सुट्टीचे दिवस होते. सुट्टीत फोन माणसाच्या हातात असतो. कंपनीत मशिनवर फोन न्यायला बंदी. शिफ्ट सुरू झाली की प्रीतमचा फोन लॉकरमध्ये जायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघायचा. तेव्हा पडद्यावर नुसतं दिसायचं, 'आई, मिसकॉल'. एक रिंग वाजली होती की तीन, हे त्यात दिसत नाही. रोज एकच वाजायची, म्हणून चाललं सगळं सुरळीत.

गोजाबाई मला कमरेच्या चंचीत ठेवायच्या, पान-सुपारीसोबत. अंगाला कात लागायचा, चुना लागायचा. एकदा भावकीतल्या कुणाच्या दहाव्याला नदीच्या घाटावर गेलो. पिंड मांडलेले, सगळे गप्प उभे, कावळा आत्ता शिवणार, आणि चंची दाबली गेली. माझा सायरन सुटला! कावळे जे उडाले ते परतलेच नाहीत. मंडळी बघतायत, गोजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडे प्रीतमला सुपरवायझरनं लॉकरपाशी बोलावून घेतलं होतं, कारण लॉकरमधला फोन सारखा थरथरत होता. दर शनिवारी गावाला यायचा, त्या शनिवारी आला तो चिडूनच.

"आई, बटण उगाच दाबत जाऊ नकोस गं. कामावर ऐकून घ्यावं लागतं."

"न्हाई दाबत, बाबा," त्या म्हणाल्या. त्यानं सायरन बंद करून टाकला. माझा आवाज गेला तो तेव्हा.

पुढं पौषातली एक थंड सकाळ. चुलीवरचं पाणी बादलीत घेऊन गोजाबाई न्हाणीत निघाल्या. उंबऱ्यात पाय सरकला. कंबर आपटली, डोकं भिंतीवर आदळलं, आणि बादलीतलं पाणी सगळीकडे झालं. उठायचा प्रयत्न केला, जमेना. चंचीतून मला काढलं. बटण बरोबर सापडलं त्यांना.

रिंग गेली. "येक," त्या म्हणाल्या. दुसरी गेली. "दोन." मग, "तीन." आणि तोडलं. ठरल्याप्रमाणं.

मी मनातल्या मनात ओरडत होतो, गोजाबाई, तोडू नका! परत दाबा! शालनबाई भिंतीपलीकडं भाकऱ्या थापत होत्या, थापटण्याचा आवाज येत होता. गोजाबाईंनी एकदोनदा हाक मारली, पण त्या आवाजात जोरच नव्हता. मग मला छातीशी धरून पडून राहिल्या. "यील आता. तीन दिल्यात," म्हणाल्या. थोड्या वेळानं बोट परत बटणावर आलं आणि थांबलं. "नगं. सारखं सारखं नगं. साहेब वरडत्यात त्याला."

दुपार झाली. पाणी गार पडलं, त्यांचा हातही. येणारी-जाणारी कंपनीची बस ऐकू आली की त्या डोळे उघडायच्या. प्रीतमला त्या दिवशी नेमका ओव्हरटाइम होता.

संध्याकाळी शालनबाई दिवा दिसेना म्हणून डोकावल्या आणि किंचाळल्याच.

दवाखान्यात प्रीतम धावत आला तो अंगावरच्या कंपनीच्या कपड्यांत. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं. तो कपाळावर हात मारत होता. "जेवणाच्या सुट्टीत बघितला होता मी आईचा मिसकॉल. मला वाटलं रोजचा. बरी हाय म्हणून खुशाल जेवलो मी, उत्कर्षा. डबा संपवला."

गोजाबाई एकदाच नीट बोलल्या. "प्रीतम, म्या तीन वाजू दिल्या व्हत्या रं." मग जरा थांबून, "का दोनच झाल्या? माझंच मोजायचं चुकलं असंल. तू नगं मनाला लावून घिऊ."

प्रीतम नुसता रडत राहिला. तेवढ्यात त्यांना आत नेलं, आणि तिथून त्या परत आल्याच नाहीत.

आई-वडलांना फोन जरूर द्या. पण देण्याआधी त्यांना विचारा, तुम्ही कसे बोलता, कुणाला हाक मारता? माझ्यासारख्याच्या सगळ्या जागा भरा, शेजारणीचा नंबर आधी टाका. बटण त्यांना सापडेल हो. पलीकडं कोण असेल, ते तुम्ही बघा.

आता शनिवारी प्रीतम गावाला जात नाही. उत्कर्षा खाली भाजी आणायला गेली की खण उघडतो आणि माझं लाल बटण दाबतो. त्याच्या दुसऱ्या हातातला फोन वाजायला लागतो. पडद्यावर येतं, 'आई'. तो तीन रिंगा वाजू देतो, मोजतो, आणि उचलतो.

"आई, तुझं मोजायचं चुकलं नव्हतं गं," म्हणतो. "तीनच होत्या."

मग दोन्ही फोन कानाला लावून बसून राहतो, उत्कर्षा दाराची बेल वाजवेपर्यंत.