मावळतीला लावायची दारं

ट्रंक आधी चढवायची की शेवटी, यावरून सासू-सुनेचं जुंपलं होतं.

उजाडायला अजून वेळ होता. मी टेम्पोचं मागचं फळकुट खाली पाडून उभा होतो आणि दोघी माझ्याकडं बघत होत्या, जणू मी कोर्टातला साहेब. मावशीचं, म्हणजे सासूचं म्हणणं, सुनेची ट्रंक शेवटी चढवा. वाटेत फाट्यावर सुनेचा भाऊ उभा राहणार, तिथं फळकुट पाडलं की ट्रंक हाताशी हवी. सून म्हणत होती, ट्रंक जड आहे, मागं ठेवली तर मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळेल. ती आधीच चढवून पार केबिनच्या पाठीला लावा.

आता जे आधी चढतं ते शेवटी उतरतं, हे टेम्पोवाल्याला कुणी शिकवायला नको. ट्रंक केबिनला लागली, तिच्यापुढं बावीस पेट्या रचल्या, म्हणजे ती फाट्यावर उतरायची नाही. सगळ्या पेट्या उतरतील तिथंच उतरणार. आणि पेट्या उतरणार होत्या फाट्याच्या पुढं सोळा कोसांवर, फळबागांत.

मला कळलं. मावशीलाही कळलं असणार. चाळीस वर्षं मधमाश्या पाळणारी बाई, तिला काय कळत नाही?

मी काही बोलायच्या आत सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, ट्रंक उचलून आत ढकलली.

"कर तुझ्या मनासारखं," मावशी म्हणाली. "आजच्या दिवस."

*

आधी सांगायला हवं ते राहूनच गेलं.

मावशीचा मुलगा माझा दोस्त. थंडीच्या दिवसांत तीन दिवसांच्या तापानं गेला. डोंगराएवढा माणूस, मधाच्या दोन घागरी दोन काखेत मारून चढ चढायचा, तो साध्या तापाला पुरा पडला नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता.

महिनाभर घरात दोघी एकमेकींच्या अंगावर वसकन यायच्या. मीठ जास्त झालं, दार उघडं राहिलं. मग भांडणही संपलं, ते त्याहून वाईट. माझी बायको म्हणायची, त्या घरावरून जाताना फक्त माश्यांचा आवाज येतो.

मग मावशीनंच सुनेच्या भावाला निरोप धाडला. पंचवीस वर्षांची पोर आहे, माझ्या म्हातारपणाची काठी करून तिला वाळवू नको. घेऊन जा, चांगलं घर बघ. भाऊ भला माणूस. त्यानं घर बघितलंही. पाहुणे त्याच दिवशी संध्याकाळी यायचे होते.

सुनेला विचारलं का? नाही विचारलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि ती नाही म्हणाली असती तर मावशीला तिच्या राहण्याला हो म्हणावं लागलं असतं. असं मावशी मला एकदा म्हणाली होती, दुसरीकडं बघत.

*

माश्यांचं असं असतं. पेटीला खाली बारीक दार. आदल्या दिवशी मावळतीला सगळ्या घरी आल्या की ते लावायचं, पहाटे पेट्या हलवायच्या, नव्या जागी नेऊन उघडायचं. जिथं दार उघडलं ती जागा माशी पहिल्या फेरीतच डोळ्यांत भरून घेते. मग तिचं घर तेच. मध्ये कुठं दार उघडलंत तर झालं, मावळेपर्यंत तिथून हलायचं नाही. हललात तर बाहेर गेलेल्या माश्या परत येतात आणि मोकळ्या जमिनीवर घिरट्या घालून मरतात. शेजारी दुसरं गाव वसलं तरी त्यांना तीच जमीन हवी.

म्हणून वाटेत दार उघडायचं नाही. माश्या पाळण्याच्या धंद्यातलं हे पहिलं अक्षर.

*

फाटा एक कोसावर राहिला आणि टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला.

चूक माझी. उजव्या हाताला मोहरी फुलली होती, नजर पोहोचेल तिथपर्यंत पिवळी, वर कोवळं ऊन. थंडीभर डोळ्यांना मातीशिवाय काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, बघा." आणि त्या बघायला लागल्या, मीही बघायला लागलो, आणि समोरचा खड्डा आम्हा कुणालाच दिसला नाही. खण्णकन आवाज झाला आणि टेम्पो एका कुशीवर बसला, म्हैस बसते तसा.

"बघून झालं का?" मावशीनं विचारलं.

पाटा बदलायचा म्हणजे टेम्पो उचलायचा, उचलायचा म्हणजे आधी रिकामा करायचा. कालव्याच्या कडेला झाडं होती. आम्ही तिघांनी बावीस पेट्या एकेक करून तिथं मांडल्या. बाविसावी उतरली आणि मागं राहिली ती ट्रंक. एकटीच, केबिनच्या पाठीला टेकलेली. वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. मग ती पण आम्ही खाली घेतली, रस्त्याच्या कडेला, अगदी हाताशी.

मी एका दुधाच्या गाडीवर बसून चौकातला मिस्त्री गाठला. पाटा घेऊन आम्ही परतलो तेव्हा नऊ वाजले होते. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं, बिडी कानामागं खोचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अर्ध्या तासात निघाल."

वारा गार होता. हे लक्षात ठेवा. नवाचं ऊन, झाडाची सावली, गार वारा.

मावशी उठली. म्हणाली, "गुदमरतायत गं त्या." आणि पहिल्या पेटीचं दार काढलं.

*

मी बोललो नाही.

"मावशी, अर्धाच तास" असं म्हणायला किती वेळ लागतो? तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वहिनींकडं नजर गेली. त्या सासूकडं बघत होत्या, त्यांनाही ते पहिलं अक्षर पाठ होतं, नवऱ्यानंच शिकवलेलं. दुसरी पेटी, तिसरी पेटी. मग वहिनी उठल्या, दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिकडून दारं काढायला लागल्या. अकरा सासूनं, अकरा सुनेनं. मधोमध दोघी समोरासमोर आल्या.

"आता मावळेपर्यंत हलता यायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही यायचं," मावशी म्हणाली.

दोघींपैकी कुणालाच वाईट वाटलेलं दिसलं नाही.

*

मग जो दिवस गेला.

माश्या मोहरीवर तुटून पडल्या. वहिनींनी टेम्पोतली जुनी पत्र्याची थाळी कालव्यात भरून पेट्यांपुढं ठेवली आणि तीत हिरव्या काटक्या टाकल्या, पाणी पिताना माश्या बुडू नयेत म्हणून. ही त्यांची घरचीही सवय. मावशी पहिल्यापासून टोमणा मारायची, तसाच मारला, "बांधा, माश्यांना पूल बांधा. उद्या टोल नाकाही घाला." वहिनी हसल्या. थंडीनंतर पहिल्यांदा ऐकलं मी ते हसू. मिस्त्रीही टेम्पोखालून हसला.

शेतवाला कोण कुठला, माश्या बघून खूश झाला, ओंजळभर वाटाण्याच्या शेंगा देऊन गेला. आम्ही दाणे खाल्ले, टरफलं एकमेकांना मारली. उकडलेली अंडी आणली होती, मीठ घरीच राहिलं होतं, त्यावरून मावशीनं सुनेला झाडलं आणि सुनेनं उलट सासूला, आणि ते भांडण इतकं रंगलं, इतकं जुन्यासारखं रंगलं, की मी मध्ये पडलो नाही. मग दोघींनी कालव्यात पाय सोडले. मावशी पायांकडं बघून म्हणाली, त्याचे अंगठेही असेच वाकडे होते. वहिनी म्हणाल्या, माहीत आहे की. नखं मीच काढायची.

एवढंच. त्याच्याबद्दल दोघी एकमेकींशी बोलल्या ते तेवढंच, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा.

साडेनऊलाच टेम्पो तयार होता. मिस्त्री गेला. मी चाकाला टेकून झोपलो. असा दिवस पुन्हा नाही.

*

दुपारी दोन वाजता भाऊ मोटारसायकलवर आला. सकाळपासून फाट्यावर उभा राहून शेवटी शोधत आलेला. त्याला राग नव्हता, काळजी होती. पाहुणे पाचला येणार.

वहिनी म्हणाल्या, "मावळतीला दारं लावते आणि येते. बावीस पेट्या आहेत, आईंना नीट दिसत नाही आता."

भावानं घड्याळ बघितलं. मग टेम्पोकडं बघितलं, नीट चारी चाकांवर उभ्या असलेल्या. मग माझ्याकडं. मी कानाची पाळी खाजवली.

"अहो, टेम्पो तयार आहे तर आपण सगळेच..." असं काहीतरी तो मावशीला म्हणायला लागला. मावशी उठून उभी राहिली. तिनं आधी सुनेकडं बघून मग भावाकडं बघितलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर कळलं की आता ही काहीतरी वाईट बोलणार आहे.

"जा गं तू," ती म्हणाली. "माझ्या पेट्या तुझ्या जिवावर नाहीत. तू यायच्या आधी कोण लावत होतं दारं? आणि तू आलीस त्यानं माझ्या घराचं काय भलं झालं?"



वहिनी वळल्या. ट्रंक भावाच्या मागं दोरीनं बांधायला लागल्या. गाठ सुटत राहिली. मी पुढं झालो तर म्हणाल्या, "राहू दे भावजी, मला येते." बसल्या आणि गेल्या. मागं वळून बघितलं नाही. तसं बोलल्यावर कोण बघेल?

मोटारसायकल पिवळ्यात दिसेनाशी झाली तेव्हा मावशी खाली बसली. मी म्हटलं, "मावशी, असं का तोडलंस?"

"न तोडता गेली असती का ती?"

मावळतीला आम्ही दारं लावली. तिला खरंच दिसत नव्हतं. अकरा मी लावली, आणि तिची अकराही मीच पुन्हा तपासली, मग पेट्या चढवल्या. चारेक मुठी माश्या बाहेरच राहिल्या, वाट चुकलेल्या. अशांसाठी एक रिकामी पेटी ठेवायची रीत आहे, जुना पोळ्याचा तुकडा घालून; नंतर येऊन उचलायची. केबिनच्या टपावर तशी एक बांधलेली होतीच; मावशीनं ती तिथंच ठेवली, दार उघडं. शेजारी थाळी राहिली.

*

आठ दिवसांनी मावशी आणि मी ती पेटी उचलायला गेलो. उन्हं तापली होती. आठ दिवसांत थाळी ठणठणीत वाळायला हवी.

थाळी काठोकाठ भरलेली होती. काटक्या नव्या. हिरव्या.

भावाचं गाव तिथून दीड कोस. पायवाट कालव्याच्या कडेनंच येते.

मी पेटीला हात घातला. मावशी म्हणाली, "राहू दे. अजून यायच्या असतील."

मग दर सोमवारी आम्ही जायचो. फळबागेतून आठवड्याची फेरी होतीच माझी, वाट वाकडी करायची एवढंच. प्रत्येक वेळी थाळी भरलेली, काटक्या ताज्या. मावशीनं थांबून वाट बघितली नाही कधी, तिथल्या शेतवाल्याला विचारलंही नाही. थाळीत एक बोट बुडवायची, ते डोळ्यांना लावायची, निघायची. एकदा जाताना पेटीवर मिठाची पुडी ठेवली. पुढच्या सोमवारी पुडी नव्हती.

असे पाच सोमवार. मोहरी कापून झाली, शेत बोडकं झालं.

सहाव्या सोमवारी थाळी कोरडी होती. काटक्या वाळून वाकड्या झाल्या होत्या. लग्न आदल्याच आठवड्यात झाल्याचं माझ्या कानावर होतं; मावशीच्याही असणार. तिनं पेटीचं झाकण उचललं. राणी नसलेल्या माश्या किती दिवस जगणार? आत पोळ्याचा तुकडा आणि तळाला थोडी पंखांची धूळ.

अकरा वाजले होते. मी पेटी उचलायला वाकलो. रिकामी पेटी, तिला कसली वेळ?

"आत्ता नको," मावशी म्हणाली.

ती झाडाखाली बसली. मी चाकाला टेकलो. दुपार झाली, ऊन कालव्यापलीकडं गेलं, सावल्या लांबल्या. ती पायवाटेकडं बघत नव्हती, पेटीच्या दाराकडं बघत होती. दिवस बुडाला. मग उठली, चाचपत पेटीपाशी गेली आणि दार लावलं.