बेसिनवरच्या आरशाचा संशय

मी एक जुना आरसा आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, दोष माझा नाही. कारखान्यात माझ्या पाठीवर चकाकीचा लेप चढला आणि मी थेट या घरातल्या बेसिनवर आलो. लोकांना दाखवायचा चेहरा माणसे आधी माझ्यासमोर करून बघतात. मग विश्वास कसा बसणार? नव्याचे नऊ दिवस मला रोज पुसत. आता माझा कोपरा काळवंडला आहे आणि दाढीच्या फेसाचे शिंतोडे आठवडाभर तसेच राहतात.

गेल्या महिन्यात घरात बाळ आले. ओठांवरच्या फोडांचा विषाणू, म्हणजे हर्पिस, मुक्यातून लागतो आणि तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो, असे बाळाच्या आईने वाचले होते. झाले! ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे ओठ न्याहाळू लागली. मीही. आमची जोडी छान जमली.

बाळ दहा दिवसांचे असताना आत्या आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. ती हात धूत असताना मी पाहिले, तिचा खालचा ओठ फुटलेला! दाराकडे बघत तिने घाईने मलम लावले. चोराच्या मनात चांदणे, मी म्हटले. बाळाच्या आईनेही ते टिपले. तिने आत्याला पाणी वेगळ्या पेल्यात दिले आणि बाळाला घेऊन ती आतल्या खोलीत जाऊन बसली. माझ्यासमोर येऊन आत्याने गुपचूप डोळे पुसले.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. हात धुऊन त्यांनी बाळाला घेतले आणि माझ्यासमोर आणले. मध्येच त्यांनी ओठाचा कोपरा खांद्यावर घासला. मला काही वाटले नाही, घरचाच माणूस. ते मुका घ्यायला वाकले.

"दादा, थांब!" आत्या ओरडली. "ओठ का चोळतोयस?"

"काही नाही गं, सकाळपासून चुणचुणतंय."

"त्याच जागी ना? लहानपणापासून दगदग झाली की तिथंच फोड येतो तुला."

"पण फोड कुठाय?" बाळाच्या आईने विचारले.

"उद्या दिसेल, वहिनी. तो विषाणू एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून बसतो. नुसती चुणचुण असतानाही लागू शकतो, कधीकधी तर काहीच नसताना. माझा ओठ उललाय फक्त. तरी मी पापा घेणार नव्हतेच."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "काल घेतला होता मी," ते पुटपुटले.

लगेच डॉक्टरांना फोन झाला. खपली पडून जागा पूर्ण बरी होईपर्यंत मुके बंद, हात साबणाने धुवायचे. बाळ दूध पिईना, सुस्त पडले, ताप आला किंवा अंगावर फोड दिसला तर तडक घेऊन या, असे त्यांनी बजावले.

सकाळी बाबांच्या ओठावर फोड आला होता. बाळाच्या आईने आत्याचा वेगळा पेला मुकाट्याने त्यांच्या हातात दिला आणि बाळाला आत्याच्या मांडीवर ठेवले. पुढचे दिवस सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. बाळ सुखरूप राहिले.

मित्रांनो, तान्ह्या बाळाजवळ जाण्याआधी माझ्यात जरूर डोकावा. पण माझ्यावरही विसंबू नका, मुका टाळाच. त्या संध्याकाळी बाबांचा ओठ माझ्यात अगदी स्वच्छ दिसत होता.