डोक्यातला गव्हर्नर

वडवणीच्या बाजारात कुणाला फिट आली, की आधी त्याच्या नाकाकडे चपला धावतात. एकदा एका बैलाला आली, तर निम्मा बाजार अनवाणी घरी गेला. मी डोळ्यांनी पाहिलंय. बैल मात्र कबूल करत नाही.

चाँद मिस्त्रीच्या शाहीनची गोष्ट मात्र मी फुगवणार नाही. फिटच्या गोळ्यांवर पोरगी वर्षभर ठणठणीत होती. बापाच्या हाताखाली डिझेल इंजिनं खोलायला शिकत होती. गेल्या खेपेला बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदू स्वतःच पेप्टाइड नावाचे पदार्थ तयार करतो. पेशी भडकल्या की त्यातले काही त्यांना आवरत असावेत. त्यावरून नवी औषधं शोधताहेत. तोवर गोळी चुकवू नका."

चाँदनं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. "बद्रीनाना, पोरीच्या डोक्यात गव्हर्नर हाय! इंजिन लई पळालं की त्याला आवरतो तसला. गोळ्यांनी त्याला आळशी केलाय."

"बाई असं म्हणाल्या?" मी विचारलं.

"तुमी बैलाचं सांगा, नाना."

त्यानं गोळ्या बंद केल्या. शाहीननंही ऐकलं. अब्बानं दुरुस्त केलेलं इंजिन पुन्हा बिघडून आलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ती दुकानातच कोसळली, फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर. चपला आल्याच, मी काठी फिरवून परत धाडल्या. चाँदनं इंजिन बंद केलं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला सदरा दिला. थोड्या वेळानं झटके आपोआप थांबले.

संध्याकाळी चहा तसाच निवत होता. चाँद मान वर करेना.

"अब्बा," शाहीन म्हणाली, "झटके थांबले कशानं?"

"आपोआप, बेटा."

"मग असेलही तुमचा गव्हर्नर. पण तो मी पडल्यावर आला. मला पडायच्या आधी येणारा पाहिजे. न्हाईतर इंजिनाजवळ कशी उभी राहू मी?"

सदऱ्याची माती झटकून चाँदनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलणी खाल्ली. गोळ्या परत कशा सुरू करायच्या ते विचारून घेतलं. शेवटी भीतभीत म्हणाला, "बाई, ते पेप्टाइडचं औषध कवा येणार?"

ते त्यांनाही सांगता येईना.

"तोवर ही," म्हणत शाहीननं गोळी गिळली.

चाँद तिच्याजवळ सरकला आणि चालू इंजिनाला लावतो तसा तिच्या कपाळाला कान लावून कितीतरी वेळ बसला.