दुपारची फांदी

गिरीजच्या वाडीवाल्यांनी नोकऱ्या धरल्या तेव्हापासून वाडीत दुपार होते ती फक्त बायकांना. पुरुष सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि ऊन उतरल्यावर परततात. रविवारी घरी असतात हे खरं, पण रविवारची दुपार ते डोळे मिटून काढतात.

नरहरी वसईला कचेरीत होता. वाडी बापाची, आंबा आजाचा, मतं मात्र सगळी स्वतःची. अठ्ठ्याहत्तर साली त्या आंब्याची एक फांदी त्याच्या बायकोच्या, जयवंतीच्या, मुळावर आली. जयवंतीने नवरात्रात राजेळी केळी सोलून अंगणातल्या बांबूच्या ताटीवर सुकायला घातली होती. सुकेळ्यांना दुपारचं कडक ऊन लागतं. ते मिळालं नाही तर केळं गोड व्हायचं सोडून आंबतं आणि मग बुरशी धरतं. ही सुकेळी जायची होती आगाशीला, लेकीच्या, प्रेमलाच्या, सासरी, पहिल्या दिवाळीला. आगाशीकर स्वतः सुकेळी करणारे. लग्नातच विहीणबाई हसत हसत विचारून गेल्या होत्या, "तुमच्या गिरीजला केळी सुकतात, की नुसती काळी पडतात?" तेव्हापासून जयवंती या दिवाळीवर डोळा ठेवून होती.

पहिली खेप आंबली. ती म्हशीला गेली. म्हशीने तक्रार केली नाही.

"अहो, आंब्याची फांदी ताटीवर सावली धरते. तेवढी उतरवा."

"बघतो."

बघायला म्हणून त्याने शेजारच्या आल्बर्टला आणि चुलतभाऊ मधू मास्तरला बोलावलं. तिघे संध्याकाळी ओट्यावर बसले. समोर ताटी, ताटीपलीकडे आंबा, आंब्यामागे मावळतीचा सूर्य. पश्चिमेकडच्या जाड फांदीची लांबलचक सावली ताटीवरून सरकत थेट ओट्यापर्यंत आली होती. तिच्या गारव्यात बसून तिघांनी तिलाच दोषी ठरवलं.

"ती नव्हे हो," जयवंती चहा ठेवत म्हणाली. "ती संध्याकाळची. दुपारी दक्षिणेकडची फांदी आडवी येते. दुपारी बघा एकदा."

"दुपारी मी कचेरीत असतो," नरहरी म्हणाला, जणू सूर्यानेच रजेचा अर्ज करायला हवा होता.

आता प्रश्न हत्याराचा. फांदी उंच होती आणि तिघांची पोटं पुढे होती.

"माझी शिडी आहे ना," आल्बर्ट म्हणाला. "लाव, चढ, काप. संपलं."

"चढणार कोण?"

आल्बर्टने बशीत चहा ओतला आणि त्यात बराच वेळ पाहिलं.

मधू मास्तरांनी दुसऱ्या दिवशी बांबूला कोयता बांधून आणला. खालून हाणला की बांबू लवायचा आणि कोयता पानांना हळूच कुरवाळून परत यायचा. तिसऱ्या घावाला गाठ सुटली. कोयता तुळशीवृंदावनाशेजारी रुतला आणि मास्तर ओट्यावर अशा वेगाने पोचले, की एवढ्या वेगाने ते शाळेच्या घंटेलाही कधी पोचले नव्हते.

"यात शास्त्र आहे," नरहरी म्हणाला आणि मुंबईहून दोरीची कात्री घेऊन आला. उंच काठीच्या टोकाला कात्री, खालून दोरी ओढायची. अंगठ्याएवढी डहाळी तिने कचकन तोडली. टाळ्या पडल्या. मग नरहरीने ती मांडीएवढ्या फांदीच्या सालीत घुसवली. ती तिथेच अडकली आणि पुढे बरेच दिवस काठीसकट झाडाला लोंबत राहिली. कावळे तिच्यावर झोके घेत.

दुसरी खेपही गेली. म्हैस आता ताटीकडे तोंड करून उभी राहू लागली.

"दक्षिणेकडची हो," जयवंतीने पुन्हा सांगितलं.

"तुला केळ्यातलं कळतं, आम्हाला झाडातलं कळू दे."

यावर ती आंब्याकडे, मग ओट्याकडे आणि पुन्हा आंब्याकडे बघत राहिली.

शेवटी योग्य हत्यार ठरलं: बाकदार पात्याची करवत, भक्कम वाशाला बोल्ट लावून पक्की केलेली. निवड उत्तमच होती, त्यात खोट काढता येणार नाही. खालून आधी एक छेद, म्हणजे साल सोलवटत नाही. मग वरून काप. फांदीला दोर बांधून अलगद उतरवणी. आल्बर्टने दोर धरला, मास्तरांनी सूचना दिल्या, नरहरीने घाम गाळला. इतकं सुबक काम गिरीजला कुणी पाहिलं नसेल. पश्चिमेची फांदी, जी सर्वांत जास्त आंबे द्यायची, ती जमिनीवर अशी निजली की एका कैरीचं देठही दुखावलं नसतं.

"झालं का समाधान?" नरहरीने बायकोला विचारलं.

"झालं," जयवंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटीवर पूर्वीइतकीच सावली होती. पण पश्चिमेची आड गेल्याने ऊन ताटी ओलांडून सरळ ओट्यावर आलं होतं. दोनच्या सुमारास लादी अशी तापली की मांजर तिथून उठून गेलं. जयवंतीने लादी पुसली, स्वच्छ धोतर अंथरलं आणि तिसऱ्या खेपेची केळी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडली.

आल्बर्टची बायको कार्मिन कुंपणावरून बघत होती. "जयवंतीबाय, चुकीची फांदी तोडतायत हे दिसत होतं ना तुला? बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तिसऱ्यांदा मला ओटा दिसला."

संध्याकाळी तिघे आले, तर बसायला जागा नव्हती. नरहरीने एक केळं सरकवायला हात घातला.

"हात लावू नका. प्रेमलाच्या सासरचं आहे."

तो हात मागे घेतला गेला. तिघे अंगणात आंब्याखाली जाऊन उभे राहिले. उन्हं डोळ्यांवर येत होती.

"इथे एक छप्पर घालायला हवं," मास्तर म्हणाले.

"पत्र्याचं की कौलांचं?" नरहरीने विचारलं.

आल्बर्ट म्हणाला, त्याच्याकडे शिडी आहे.

दिवाळीला सुकेळी आगाशीला पोचली, मधाच्या रंगाची, केळीच्या सोपटात बांधलेली. विहीणबाईंनी एक तोडून तोंडात टाकलं, सावकाश चघळलं आणि निरोप धाडला: पुढल्या वर्षी जरा जास्त पाठवा.

आंबे मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाजारातून आले.