शून्य ते दहा

सुभेदार लालासाहेब निवृत्त होऊन रहिमतपूरला आले, तेव्हापासून त्यांच्या घरात कुणाचा कसला खाडा पडला नव्हता.

मुलगा वीरधवल भरतीची तयारी करायचा. मैदानावर दम टिकावा म्हणून कुणीतरी इंजेक्शन दिलं. भरती हुकली, इंजेक्शन टिकलं. सांगलीच्या व्यसनमुक्ती केंद्रानं महिनाभर ठेवून त्याला घरी सोडलं, मोबाइलमध्ये एक ॲप घालून. रोज पाच वाजता चित्रं यायची. सुई आली की बोटानं दूर ढकलायची, मैदान आलं की जवळ ओढायचं. शेवटी प्रश्न : आज इच्छा किती झाली, शून्य ते दहा?

"गुण घसरले तर लगेच परत दाखल करू," समुपदेशक स्वप्नालीताई म्हणाल्या होत्या. "एक खाट राखून ठेवलीय."

पहिल्याच दिवशी सुई आली आणि वीरधवलनं मोबाइल वडिलांपुढं धरला. "आबा, तुमीच ढकला. माज्यानं व्हईना."

"पलटनीत गडी आजारी पडला तर त्याची ड्युटी दुसरा करतोय रं. आण हिकडं."

सुभेदार चष्मा लावून बसले. इच्छेच्या प्रश्नाला त्यांनी प्रामाणिकपणे शून्य दाबलं. उभ्या जन्मात त्यांनी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

चाळीस दिवस खाडा नाही. गुण अठ्ठ्याण्णव. सुभेदारांनी ते शेजाऱ्यांनाही दाखवले.

"आवं, पास तर तुमी झालाय," सुभेदारांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या. "पोरगं कुटं हाय बघा की."

पोरगं गोठ्यामागं होतं. दंड सुजलेला, शुद्ध अर्धी. त्याला सरकारी दवाखान्यात घालून सुभेदारांनी सांगलीला फोन लावला.

"खाट तर गेल्या आठवड्यात दुसऱ्याला दिली हो," स्वप्नालीताई म्हणाल्या. "वीरधवल सगळ्यांत पुढं. चाळीस दिवस शून्य!"

"ते शून्य माजं हुतं, मॅडम."



तिसऱ्या दिवशी वीरधवल दवाखान्यातून उठून गेला. चपला खाटेखाली, मोबाइल उशाशी. ना मित्रांकडं, ना स्टँडवर, कुठंच सापडला नाही. आठवडा गेला.

पाच वाजता मोबाइल वाजला. सवयीनं सुभेदारांनी चष्मा लावला, सुया ढकलल्या. प्रश्नाशी बोट थांबलं. मग त्यांनी दहा दाबलं.

स्वप्नालीताईंचा फोन लगेच आला. "सुभेदार, आज खाट मोकळी झालीय. आत्ताच्या आत्ता घेऊन या त्याला."

"कुनाला?" सुभेदार म्हणाले.